गॅस फायरप्लेसची सर्व्हिसिंग दोनदा करून घेतली, झाली एकदाच

आधीच सांगते, लांब आहे. ज्यांना फक्त स्टार बघून पुढे जायचंय त्यांच्यासाठी: पहिल्या सर्व्हिसवाल्याला एक, तोही सांगितलेल्या वेळेला आला म्हणून. दुसऱ्याला साडेचार, अर्धा का कापला ते शेवटी लिहिते. नावं दोघांचीही देत नाहीये, कारण गॅस फायरप्लेसच्या सर्व्हिसिंगमध्ये नक्की काय काय व्हायला पाहिजे हेच मला पाच वर्षं माहीत नव्हतं, आणि ज्याला ते माहीत नाही त्याला चांगलं काम आणि थातुरमातुर काम यातला फरक कळणार तरी कसा.

आमची फायरप्लेस डायरेक्ट व्हेंटवाली आहे. म्हणजे पुढची काच पक्की बंद, आतल्या जाळाचा आणि खोलीतल्या हवेचा काही संबंध नाही, मागे पाइपात पाइप असतो, बाहेरच्या पाइपातून ताजी हवा आत येते आणि आतल्या पाइपातून जळलेला वायू बाहेर जातो. पायलट, म्हणजे मोठा जाळ पेटवणारी छोटी ज्योत, कायम तेवत असणारा, जुन्या पद्धतीचा. हा मी मुद्दाम घेतला होता कारण लाइट गेली तरी चालतो, जाळाला वायर नाही, बॅटरी नाही. दुकानातला म्हणाला होता "मॅडम, मेंटेनन्स झिरो", लाकूड नाही, राख नाही, धुराडं झाडायची भानगड नाही, बटण दाबा आणि पाय पसरून बसा. मीही मान डोलावली, कारण मला तेच ऐकायचं होतं.

मग पाच हिवाळे आम्ही खरंच पाय पसरून बसलो. काचेवर पांढरट धुरकट थर यायला लागला, म्हटलं असेल. मधल्या खोट्या ओंडक्याचं टोक काळं पडलं, म्हटलं वा, अगदी खऱ्यासारखं दिसतंय. तिसऱ्या की चौथ्या वर्षापासून चालू करताना एक "भप्" आवाज यायचा, आधी बारीक, मग इतका की नवरा शेजारच्या खोलीतून विचारायचा काय पडलं गं. आणि शेवटी गेल्या हिवाळ्यात पायलटनं नखरे सुरू केले, म्हणजे पेटायचा, मोठा जाळही लागायचा, पंधरा-वीस मिनिटं छान चालायचं आणि मग सगळं गप्प. परत पेटवा, परत गप्प. तेव्हा कुठे फोन केला.

पहिला माणूस चकाचक गणवेशात आला, हातात टॅब, बोलणं एकदम गोड. खालचं झाकण उघडलं, धूळ ओढणारं मशीन फिरवलं, काच उतरवली आणि पिशवीतून घरच्या खिडक्या पुसायचा निळा स्प्रे काढून आतून बाहेरून फवारून पुसली, परत बसवली, पायलट पेटवला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला व्हॉल्व्ह गेलाय. मी विचारलं कशावरून? तर म्हणे अनुभवावरून. मीटर लावला नाही, कसला दाब मोजला नाही, बाहेर भिंतीवरचं व्हेंटचं तोंड बघायला अंगणात पाऊलसुद्धा टाकलं नाही. घड्याळ लावून पंचवीस मिनिटं. नवा व्हॉल्व्ह मागवावा लागेल म्हणाला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून नवरा गप्प बसला, जे सहसा होत नाही. त्याचं पत्रक टेबलावर तसंच आठ दिवस पडून होतं. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, व्हॉल्व्ह गेला असेल तर वीस मिनिटं छान कसा चालतो?

दुसरा माणूस एका ओळखीच्या बाईंनी सांगितलेला. साठीच्या आसपासचे, मी त्यांना काकाच म्हणत होते, ते मला ताई. दीड तास उशिरा आले, फोनही केला नाही, तेव्हाच मनात अर्धा स्टार कापला होता पण तो नंतर परत दिला. आल्यावर पिशवी उघडलीच नाही. म्हणाले, "ताई, मॅन्युअल कुठंय?" मी म्हटलं असेल कुठेतरी. मग खालचं झाकण उघडून आतल्या पत्र्यावरून मॉडेल नंबर वाचला, फोनवर मॅन्युअल शोधून काढलं आणि मला म्हणाले, आता तुम्ही रोज कशी चालू करता तशी करून दाखवा, मी नुसता बघतो. मी नॉब फिरवला, स्विच दाबला, आणि ते तोंडातल्या तोंडात मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि भप्! काका चक्क मागे सरकले. "हे किती वर्षांपासून?" मी म्हटलं दोनेक. ते काही बोलले नाहीत पण चेहरा बोलला.

मग समजावलं. मोठ्या बर्नरला पायलटच्या जवळची जी भोकं असतात तिथून आधी पेट घेतला पाहिजे, गॅस सुटल्या सुटल्या, हळूच. ती भोकं बुजली की गॅस निघत राहतो, पेट काही घेत नाही, बंद काचेमागे साचत जातो आणि मग ज्योतीपर्यंत पोचला की सगळा एकदम पेटतो. तो भप् म्हणजे छोटा स्फोटच आहे, आणि समोर काच आहे. मी दोन वर्षं त्या काचेसमोर वाकून स्विच दाबत होते. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तसा आवाज येत असेल तर आजच बंद ठेवा आणि माणूस बोलवा, पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

गॅसची चावी बंद केली (चावीचा दांडा पाइपाला आडवा म्हणजे बंद, पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे), काच थंड व्हायला सोडून दिली आणि तोवर बाहेर गेले. भिंतीवरच्या व्हेंटच्या टोपीत सुकलेली पानं आणि बाजूची वेल अगदी आत डोकावणारी. हवा आत यायची वाटच अर्धी अडलेली. पानं काढली, वेल मी स्वतः कापली, आणि दर महिन्याला एक चक्कर मारून बघायचं कबूल केलं. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी तर म्हणे ते तोंड बर्फाखाली गाडलं जातं आणि लोक आत जाळ का लागत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

आता काच. यावर मी जरा जास्त लिहिणार कारण इथे मीही चुकले आणि पहिला माणूस तर फारच. ही काच साधी नसते, बहुतेक मॉडेलमध्ये सिरॅमिक काच असते, शेकडो अंश तापमान सहन करणारी. जाळ लागला की सुरुवातीला तिच्यावर वाफ धरते, ते बिघाड नाही, कारण गॅस जळला की पाणी तयार होतं, एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं, आणि काच थंड असेपर्यंत ती वाफ तिच्यावर बसते. त्या ओलाव्यात गॅसमधले गंधकाचे अंश आणि ओंडक्यांमधून सुटणारं काय काय मिसळतं आणि वाळून तो पांढरट थर होतो. वेळच्या वेळी पुसला तर निघतो. दोन-तीन वर्षं तसाच भाजत ठेवला तर काचेत उतरतो, मग काही केल्या जात नाही. आणि अमोनिया असलेला खिडकीचा स्प्रे मारला, म्हणजे पहिल्या माणसानं मारला तसा, तर तो गरम झाल्यावर काचेवर धुक्यासारखा चिकटून बसतो. काकांनी काच उचलून उजेडात तिरकी धरली आणि नुसतं विचारलं, "हे कुणी केलं?" पुसल्याच्या गोल गोल रेघा अशा स्पष्ट दिसत होत्या जसं कुणी फडक्यानं सही करून गेलंय.

त्यांनी फायरप्लेसच्या काचेसाठी मिळतं ते पांढरं मलमासारखं क्लीनर लावलं, मऊ कापड, गोल नाही उभं-आडवं, तीनदा. नव्वद टक्के गेलं. खालचा डावा कोपरा तसाच राहिला, तो आता कायमचा. घासणी, ब्लेड, घासायची पावडर यातलं काहीही काचेला लावायचं नाही. आणि काच पूर्ण थंड झाल्याशिवाय नाहीच, जाळ बंद करून बराच वेळ झाला तरी ती हात पोळेल इतकी गरम असते. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी पुढची जाळी काढून ठेवू नका, दिसायला कितीही आडवी येवो. अमेरिकेत काच ७८ अंश सेल्सियसच्या वर तापत असेल तर २०१५ पासून नव्या फायरप्लेससोबत जाळी देणं उत्पादकांच्या मानकातच घातलंय, ते काही उगाच नाही. आमची जाळी मी पहिल्याच महिन्यात माळ्यावर टाकली होती, फोटोत बरी दिसत नाही म्हणून. आता परत लावली.

काचेच्या मागे कडेनं दोरीसारखं गास्केट असतं, तेही त्यांनी बोटानं चाचपत सगळीकडून बघितलं, कुठे दबलंय, कुठे सुटलंय. एका जागी सुटलं होतं, चिकटवलं. खालच्या दोन स्प्रिंगच्या खिट्या नीट बसतायत का बघितलं. पहिल्या माणसानं एक खिटी अर्धवटच अडकवली होती हे इथे नमूद करते आणि पुढे जाते.

मग ओंडके निघाले. आणि इथे माझी पोल उघडी पडली. खोटे ओंडके सिरॅमिक फायबरचे असतात, हलके, ठिसूळ, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते, खाली खुंट्या असतात, मॅन्युअलमध्ये आकृती असते. मी तिसऱ्या वर्षी धूळ झटकताना मधला ओंडका जरा फिरवून ठेवला होता कारण तसा जास्त छान दिसत होता. त्यामुळे ज्योत सरळ त्याच्या टोकावर आपटत होती. पिवळ्या ज्योतीला थंड वस्तू आडवी आली की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन तिथेच बसतो, कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते तसंच. "खऱ्यासारखं दिसतंय" म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते ती काजळी होती. बरं, नुसती काजळी असती तर पुसून टाकली असती, पण जळणं अर्धवट राहिलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही वाढतो.

दुसरं पाप, तेही माझंच. निखाऱ्यासारखं दिसावं म्हणून बर्नरवर रॉकवुलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, छोटे छोटे पुंजके ठेवतात, ते लाल होऊन चमकतात. फायरप्लेसबरोबर त्याची एक जास्तीची पुडी आली होती. मला वाटलं जितकं जास्त तितके निखारे, म्हणून अख्खी पुडी पसरून टाकली, कापसाच्या गादीसारखी. बर्नरची भोकं त्याच्याखाली. पायलटजवळची तर पूर्णच. म्हणजे तो भप् माझ्याच हातचा. काकांनी चिमट्यानं सगळं उचललं, त्यातलं चार-पाच चिमूटभर पुंजके परत ठेवले, विरळ, नखाएवढे, भोकं सोडून. म्हणाले, "ताई, हे मिठासारखं वापरायचं." आता निखारे आधीपेक्षा छान दिसतात, हे मला कबूल करावं लागतंय.

आणि एक, त्या ओंडक्यांवरची धूळ फुंकून किंवा हवेच्या डब्यानं उडवायची नाही. हे फायबर तापून तापून त्याची बारीक भुकटी होते, ती श्वासात जाणं चांगलं नाही. त्यांनी मास्क लावला, मलाही दिला, मऊ ब्रशनं अलगद झाडलं. पहिल्या माणसाचं मशीन आठवा, ज्याच्या मागून सगळी धूळ खोलीत परत येत होती.

आता पायलट, म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलं होतं ते. मला त्यांनी शेजारी गुडघ्यावर बसायला लावलं आणि टॉर्च हातात दिली. पायलटची ज्योत म्हणजे एक ज्योत नसते, तिचे तीन फाटे असतात, एक बर्नरकडे, एक थर्मोकपलकडे, एक थर्मोपाइलकडे. थर्मोकपल ही छोटी दांडी, ती तापली की साधारण २५-३० मिलिव्होल्ट तयार होतात आणि एवढ्याशा विजेवर पायलटचा गॅस सुरू राहतो. ज्योत विझली, दांडी थंड झाली की गॅस आपोआप बंद, ही सगळी सुरक्षा. म्हणून तर पेटवताना नॉब अर्धा-एक मिनिट दाबून धरायला लागतो, दांडी तापायला वेळ लागतो. थर्मोपाइल जाडसर असते, ती म्हणजे अशा बऱ्याच जोड्यांची जुडी, आणि ती मोठ्या बर्नरचा व्हॉल्व्ह चालवते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते हे झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये दिसलं होतं, आणि आपण दोनशे वर्षांनी त्याच्यावर पाय शेकतोय. लाइट गेली तरी चालते त्याचं गुपित हे, मी घेताना फक्त "वायर नाही" एवढंच ऐकलं होतं.

निरोगी पायलट निळा, ताठ, आणि दांडीचं वरचं टोक सेंटिमीटरभर तरी ज्योतीत बुडलेलं पाहिजे. आमचा पिवळट, लुळा, दांडीला नुसता चाटून जाणारा. काकांनी मीटरच्या दोन तारा थर्मोपाइलच्या स्क्रूंना लावल्या आणि मला आकडा वाचायला सांगितला. २७० मिलिव्होल्ट. चांगली असेल तर ५०० च्या वर पाहिजे म्हणाले. म्हणजे चालू करताना कसंबसं उचलायचं आणि थोड्या वेळात दम संपायचा. माझ्या डोक्यातल्या किड्याला उत्तर मिळालं. मग मी विचारलं, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, थर्मोपाइल गेली? ते म्हणाले, "थांबा. आधी जेवण मिळतंय का बघू, मग आजारी म्हणू."

पायलट सोडवला. तळाशी हवा ओढायला बारीक भोक असतं, टाचणीच्या डोक्याएवढं. टॉर्चच्या उजेडात आत पांढरं, रेशमासारखं काहीतरी. जाळं! इतकंसं जाळं, त्यात धुळीचा एक गोळा, बाजरीच्या दाण्याएवढा. कोळ्यांना म्हणे या वायूंच्या वासाचं आकर्षण असतं, आणि हे फक्त काकांचं म्हणणं नाही, २०११ मध्ये एका मोठ्या कार कंपनीला हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या कारण पेट्रोलच्या टाकीच्या नळीत कोळी जाळी विणत होते. आमचा कोळी उन्हाळ्यात आला असणार, पायलट बंद असताना. काकांनी ब्रश फिरवला, बारीक नळीच्या डब्यानं हवा मारली (ही इथे चालते, ओंडक्यांवर नाही), गॅसचं बारीक तोंड वेगळं काढून तेही फुंकलं. मी पिन देऊ का विचारलं तर जवळजवळ ओरडलेच. ते भोक मापाचं असतं, पिन घातली की केसभर मोठं होतं आणि मग ज्योत कधीच बरोबर येत नाही.

परत जोडलं, पेटवलं. ज्योत अशी टुणकन ताठ झाली, निळी, तीन फाटे सरळ. मीटर चढायला लागला, ३१०, ३९०, ४६०, आणि ५४० ला जाऊन थांबला. एक पार्ट बदलला नाही. मी तो आकडा बघत बसले होते आणि डोळ्यासमोर ते टेबलावरचं पत्रक.

पुढचं भराभर लिहिते. गॅसचा दाब मोजला, व्हॉल्व्हवर त्यासाठी दोन छोटी तोंडं असतातच, नैसर्गिक वायूला आत येताना साधारण सात इंच आणि बर्नरकडे साडेतीन इंच, हे इंच पाण्याच्या उंचीचे. प्रोपेनवाल्यांचे आकडे वेगळे, आणि त्यांची जेटची भोकंही वेगळी, बारीक. त्यामुळे घर बदलून फायरप्लेस दुसऱ्या गॅसवर लावायची असेल तर नुसतं पाइप जोडून होत नाही, उत्पादकाचं किट लागतं, आणि हे घरी करायचं कामच नाही. हवेचं झडप थोडं उघडलं, आधी ज्योतीची टोकं काळपट होती ती गेली. फार उघडलं तर ज्योत निळी होऊन बर्नरवरून उडायला लागते आणि आवाज करते, फार बंद केलं तर काजळी. थोडी पिवळी ज्योत ठेवतात ती फक्त आपल्याला बघायला आवडते म्हणून, हे ऐकून मला गंमत वाटली. गरम हवा खोलीत सोडणारा जो पंखा असतो त्यात पाच वर्षांची लोकरीसारखी धूळ, काढली, आवाज अर्धा झाला. रिमोटची बॅटरी, रिसीव्हरची बॅटरी, दोन्ही मीच बदलल्या.

गळतीसाठी सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा कुठे नाही. मी म्हटलं पहिल्या थंडीत चालू केलं की वास येतो, तर ते म्हणाले तो धूळ जळण्याचा, दहा-वीस मिनिटांत जातो, खिडकी उघडा. गॅसचा वास वेगळा, कुजक्या अंड्यासारखा, तो आला तर काहीही चालू-बंद न करता आधी घराबाहेर आणि मग फोन. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, तो मिसळलेला असतो. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत असाच बिनवासाचा वायू साचून स्फोट झाला, जवळपास तीनशे जण गेले, बहुतेक शाळेतली मुलं, आणि त्यानंतर वास मिसळणं सक्तीचं झालं. काका हे सांगताना साबणाचा ब्रश हातात धरून थांबले होते, आणि मीही.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र कुणी वास मिसळू शकत नाही. त्यांनी अलार्म कुठंय विचारलं. मी अभिमानानं दाखवला. त्यांनी तो भिंतीवरून काढला, उलटा केला आणि मागची तारीख माझ्यासमोर धरली. दोन वर्षांपूर्वी संपलेला. टेस्टचं बटण दाबलं की किंचाळतो म्हणून मी निर्धास्त, पण ते बटण फक्त भोंगा आणि बॅटरी तपासतं, आतला सेन्सर म्हातारा झालाय की नाही ते त्याला कळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं, घराबाहेर पडलं की बरं वाटणं, अशी लक्षणं असतात, लोक सर्दी-ताप समजून झोपून राहतात. नवा अलार्म त्याच संध्याकाळी आणला. तुमचाही उलटा करून बघा, माझ्याकडून एवढं काम कराच.

उन्हाळ्यात पायलट बंद करायचा की नाही यावर आमचं थोडं वाजलं. पायलट रात्रंदिवस जळतो, तासाला ६०० ते १००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), म्हणजे महिन्याला अगदी वीस घनमीटरपर्यंत गॅस, त्यामुळे मी बंद करणाऱ्यांतली. काका म्हणतात चालू ठेवला तर आत कोरडं राहतं आणि कोळी येत नाहीत. शेवटी तडजोड अशी की बंद करेन, पण थंडीच्या महिनाभर आधी त्यांना बोलवेन, पहिल्या थंडीच्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी सगळं गाव त्यांना फोन करतं.

पैसे त्यांनी पहिल्यापेक्षा जास्तच घेतले, हे लपवत नाही. दोन तास चाळीस मिनिटं होते. त्यातली चाळीस मिनिटं स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल. जमिनीवर अंथरायला कापड आणलं नव्हतं, माझी जुनी चादर गेली. पण जाताना खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी लावून त्यावर तारीख, ५४०, दोन्ही दाब, आणि "रॉकवुल घालू नये" असं लिहिलं, शेवटचं ठळक अक्षरात आणि खाली दोन रेघा. ओंडक्यांचा फोटोही माझ्याच फोनवर काढून दिला, परत फिरवायची हुक्की आली तर बघायला.

आता काय मी करते आणि काय नाही: काच पुसणं, व्हेंटचं तोंड बघणं, पंख्याची धूळ, बॅटऱ्या, अलार्म, ज्योतीचा रंग आणि पेटायला लागणारे सेकंद मोजणं, हे माझं. पायलट उघडणं, दाब, झडप, गॅसचा एकही सांधा, हे लायसनवाल्या माणसाचं. आणि बोलावताना फोनवर एकच प्रश्न विचारा, मीटर आणि दाब मोजायचं साधन घेऊन येता का? पहिल्या कंपनीला मी नंतर मुद्दाम फोन करून हे विचारलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "कसला दाब?"

आणि तो अर्धा स्टार. काकांनी सगळं झाल्यावर काच बसवली, चालू केली, पाच मोजायच्या आत अलगद पेटली, भप् नाही, आम्ही दोघं बघत उभे. तेवढ्यात मला वरच्या उजव्या कोपऱ्यात, काचेच्या आतल्या बाजूला, त्यांच्या अंगठ्याचा ठसा दिसला. पूर्ण, रेषा मोजता येतील असा. मी दाखवला तर म्हणाले, "थंड झाल्यावर काढून पुसा ताई, आता येतं की तुम्हाला." दुसऱ्या दिवशी मी खिट्या सोडवून काच उतरवली, तेच पांढरं क्लीनर, उभं-आडवं, तीनदा. फिकट झालाय पण संध्याकाळी दिवे बंद करून बसलं की अजून दिसतो.